घर बुक करण्याआधी सिबिल कुठे बघायचं, आणि बघितल्यावर काय वाचायचं

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न एकात एक अडकलेत, ते आधी सुटे करून घेतो. तुम्ही ऐरोलीत नोकरीला आहात, ठाण्यात कासारवडवलीला टू बीएचके बघून ठेवलाय, दसऱ्याला टोकन द्यायचा विचार आहे. एका अ‍ॅपवर तुमचा क्रेडिट स्कोअर (कर्जफेडीच्या इतिहासावरून काढलेला आकडा, ज्याला सगळे 'सिबिल' म्हणतात) ७८१ दिसतो, दुसऱ्यावर ७३६. एजंट म्हणतो, 'अ‍ॅपवरचे आकडे बँक मानत नाही, ओरिजिनल सिबिल काढून देतो, दीड हजार होतील.' वर ऑफिसात कोणीतरी सांगितलंय की सारखं बघितलं की स्कोअर पडतो, म्हणून आता तुम्ही अ‍ॅप उघडायलाही घाबरताय. तेव्हा स्वस्तात आणि खात्रीशीर स्कोअर कुठे बघायचा, असा तुमचा प्रश्न.

सरळ उत्तर असं की तो फुकट मिळतो, आणि जो मिळतो तो ओरिजिनलच असतो. एजंटला दीड हजार सोडा, दीडशेही देऊ नका. पण एवढ्यावर थांबलो तर तुमचं काम अर्धवट राहील. मी बरीच वर्षं बँकेच्या कर्ज विभागात फायली तपासल्या, आता ठाण्याच्या नौपाड्यात बसून लोकांच्या गृहकर्जाची कागदपत्रं जुळवून देतो. दोन्हीकडे एकच गोष्ट दिसते. लोक स्कोअरचा आकडा बघून खूश होतात किंवा घाबरतात, आणि त्याच्या मागचा अहवाल, म्हणजे तुमच्या कर्जांची आणि हप्त्यांची पूर्ण नोंद, उघडतच नाहीत. बँकेत मात्र आकड्याकडे पहिली दोन मिनिटं बघतात, उरलेला वेळ अहवाल वाचण्यात जातो. फाईल अडते ती बहुतेक वेळा अहवालातल्या एखाद्या ओळीवर.

आधी भीती काढून टाकू. तुम्ही स्वतःचा स्कोअर बघितला तर तो कमी होत नाही. रोज बघा, फरक पडत नाही. कर्जासाठी किंवा क्रेडिट कार्डासाठी अर्ज केल्यावर बँक किंवा फायनान्स कंपनी जेव्हा तुमचा अहवाल मागवते, तेव्हा त्याची नोंद 'एन्क्वायरी' म्हणून होते. अशा नोंदी थोड्या दिवसांत बऱ्याच झाल्या तर स्कोअर घसरतो. कारण साधं आहे, एकाच महिन्यात पाच ठिकाणी कर्ज मागणारा माणूस अडचणीत असावा असं गणित धरलं जातं. आणि या पाच एन्क्वायऱ्या बहुधा कोण घडवून आणतो? एजंटच. 'सगळीकडे फाईल टाकतो, जो देईल त्याचं घेऊ' म्हणतो आणि एका आठवड्यात पाच बँकांत अर्ज जातो. त्यामुळे स्कोअर बघायला अजिबात घाबरू नका, अर्जांवर सह्या करताना मात्र जरा हात आखडता ठेवा.

आता दोन अ‍ॅपवर दोन आकडे का? भारतात ही माहिती ठेवणाऱ्या, रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेल्या कंपन्या चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. आपण सगळे सरसकट 'सिबिल' म्हणतो, कारण ती सगळ्यात जुनी, २००० साली सुरू झालेली. चौघींचा स्कोअर ३०० ते ९०० मध्येच असतो, पण प्रत्येकीचं सूत्र वेगळं. २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँका आणि फायनान्स कंपन्यांना चारही ठिकाणी सभासद व्हायला लावलं. म्हणजे तुमची माहिती चौघींकडे जाते, तरी ती कुठे कधी चढली आणि तुमच्या नावाशी नीट जुळली का, यात फरक पडतो. त्यात अ‍ॅप कधीकधी महिन्यापूर्वीचा आकडा दाखवत असतं. तुमच्या दोन्ही अ‍ॅपवर आकड्याच्या खाली बारीक अक्षरात कंपनीचं नाव आणि तारीख असेल, ती बघा. माझा अंदाज आहे की दोन्हीकडे कंपन्या वेगळ्या निघतील. तेव्हा दोन्ही आकडे खरे असू शकतात.

आपल्याकडे गृहकर्जाला बँका जास्त करून सिबिलचाच स्कोअर धरतात, काही ठिकाणी जोडीला दुसऱ्या कंपनीचाही अहवाल काढतात. तुमची बँक कोणता धरते हे तिथल्या कर्ज विभागात विचारलं तर सांगतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

फुकट बघायचा हक्काचा मार्ग असा. १ जानेवारी २०१७ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की या चारही कंपन्यांनी प्रत्येक माणसाला दर कॅलेंडर वर्षात एकदा स्कोअरसकट पूर्ण अहवाल मोफत द्यायचा. कॅलेंडर वर्ष म्हणजे जानेवारी ते डिसेंबर. आर्थिक वर्ष धरू नका, त्यात लोक गोंधळतात. थेट त्या कंपनीच्या वेबसाइटवर जायचं, पॅन, जन्मतारीख, मोबाईल, ईमेल द्यायचा, ओटीपी टाकायचा. मोफत अहवालाची लिंक ठळक दाखवायची असा दंडक असला तरी वाटेत पैशाच्या योजना समोर येतातच. महिन्याची, सहा महिन्यांची, वर्षाची, अशा मोठाल्या रंगीत चौकटी दिसतात आणि फुकट पुढे जाण्याचा दुवा खाली बारीक अक्षरात असतो. तो शोधा आणि कार्डाचा नंबर कुठेही देऊ नका. मोफत अहवालाला कार्ड लागत नाही.

गूगलवर 'फ्री सिबिल' शोधून पहिल्या जाहिरातीवर क्लिक करू नका. वेबसाइटचा पत्ता स्वतः टाईप करा.

मग अ‍ॅप वापरायचीच नाहीत का? वापरा की. बऱ्याच बँकांच्या स्वतःच्या मोबाईल अ‍ॅपमध्ये हल्ली स्कोअर दिसतो. तुमचं पगाराचं खाते ज्या बँकेत आहे तिचं अ‍ॅप आधी बघा, माहिती नव्या कोणाला द्यावी लागत नाही. पेमेंटची आणि कर्जांची तुलना करून देणारी मोठी अ‍ॅपही फुकट स्कोअर दाखवतात. ती धर्मादाय संस्था नाहीत. तुमचा अहवाल बघून तुम्हाला कर्ज आणि कार्ड विकणं हा त्यांचा धंदा, आणि स्कोअर बघितल्यापासून 'प्री-अप्रूव्ह्ड' लोनचे फोन वाढतात ते त्यामुळेच. दर महिन्याला आकडा कुठे सरकतोय एवढं बघायला ती ठीक आहेत. पण संमतीची टिकमार्क करताना वाचा. एक परवानगी अहवाल दाखवण्याची असते, दुसरी मार्केटिंगची असते आणि तिसरी 'आमच्या भागीदारांना माहिती देण्याची'. पहिलीवर भागत असेल तर बाकीच्या सोडा. 'स्कोअर बघा' म्हणता म्हणता 'लगेच कर्ज घ्या' असं बटण पुढे करणारं, आणि फोनमधले कॉन्टॅक्ट, फोटो मागणारं अ‍ॅप असेल तर ते काढूनच टाका. स्कोअर बघायला कॉन्टॅक्ट लागत नाहीत.

पैसे देण्यासारखं काही आहे का, हे परिस्थितीवर अवलंबून आहे. वर्षाचा मोफत अहवाल वापरून झालाय, चूक दुरुस्त करून घेतलीय आणि ती चढली का हे अर्जाआधी बघायचंय, तर एका महिन्याची योजना घेणं समजू शकतो. तुमच्या पॅनवर कोणीतरी कर्ज उचललंय अशी शंका असेल तर काही महिने लक्ष ठेवायला ती घ्यावी. अशा वेळी 'ऑटो रिन्यू' बंद आहे ना, तेवढं तपासा. नियमाने एका अहवालाच्या प्रतीसाठी या कंपन्या माणसाकडून १०० रुपयांपर्यंतच घेऊ शकतात. योजनांची किंमत जास्त दिसते ती सूचना, वारंवार ताजा स्कोअर वगैरे जोडलेल्या गोष्टींमुळे. एजंटचे दीड हजार या कुठल्याच हिशेबात बसत नाहीत. तो तुमचाच पॅन टाकून, तुमच्याच मोबाईलवर आलेला ओटीपी विचारून तोच मोफत अहवाल काढणार. म्हणजे पैसेही तुमचे, ओटीपीही तुमचा, आणि तुमच्या सगळ्या कर्जांचा कागद त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर. स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून काढून घेणाऱ्यांचीही तीच गत होते.

आता तुमच्यासाठी मी काय करेन ते सांगतो. एरवी मी लोकांना सांगतो की चार कंपन्यांचे चार मोफत अहवाल दर तीन महिन्यांनी एक असे काढा, म्हणजे वर्षभर लक्ष राहतं. पण तुम्हाला दसऱ्याला टोकन द्यायचंय, तेव्हा चारही याच आठवड्यात काढा. दुरुस्तीला वेळ हाताशी असणं महत्त्वाचं आहे. टोकन दिल्यावर अहवाल काढला आणि त्यात घोळ निघाला, तर एकीकडे बिल्डरचा तगादा आणि दुसरीकडे बँकेचं 'बघतो', या दोहोंच्या मधे तुम्ही अडकाल.

अहवाल हाती आला की स्कोअर बाजूला ठेवा आणि सुरुवातीची वैयक्तिक माहिती वाचा. पॅन, जन्मतारीख, नाव. जुना मोबाईल नंबर असेल तर बदलून घ्या, कारण आता कोणी संस्थेने तुमचा अहवाल काढला की एसएमएस किंवा ईमेल यायला हवा, आणि तो बंद पडलेल्या नंबरवर जाऊन काय उपयोग? मग एकेक खाते बघा. प्रत्येक कर्जाची आणि कार्डाची एक चौकट असते: कर्ज देणारी संस्था, प्रकार, मालकी, उघडल्याची तारीख, शेवटचा हप्ता, शिल्लक, थकीत रक्कम. खाली महिन्यांची पट्टी असते, त्यात हप्ता किती दिवस उशिरा आला ते लिहितात. ००० म्हणजे वेळेवर. ०३० दिसलं तर त्या महिन्यात तीस दिवसांची थकबाकी होती. एक्सएक्सएक्स दिसलं तर घाबरू नका, त्या महिन्याची माहिती संस्थेने पाठवलेली नाही एवढाच त्याचा अर्थ. 'सेटल्ड' (ठरलेल्यापेक्षा कमी भरून मिटवलेलं) किंवा 'रिटन ऑफ' (बँकेने बुडीत धरलेलं) हे शब्द दिसले तर मात्र तिथे थांबा. बँकेतला माणूसही तिथेच थांबतो.

माझ्याकडे वारंवार येणारा नमुना सांगतो. माणूस पगारदार आहे, एकही हप्ता चुकलेला नाही, तरी अहवालात थकीत रक्कम ५९० रुपये. उलगडा असा की कधीतरी मॉलमध्ये गळ्यात मारलेलं क्रेडिट कार्ड, वापरलंच नाही म्हणून विसरलेलं. त्याची वार्षिक फी ५०० आणि वर १८ टक्के जीएसटी. त्यावर दंड, दंडावर व्याज, आणि महिन्यांच्या पट्टीत ०३०, ०६०, ०९० असा चढता क्रम. रक्कम हास्यास्पद, पण ५० लाखांच्या फायलीला ती आडवी येते. तुमच्याकडे असं झोपलेलं कार्ड असेल तर बाकी भरून ते लेखी बंद करा. बाकी नसेल तर विनंती आल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणं कंपनीवर बंधनकारक आहे, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये तिने तुम्हाला द्यायचे. बंद केल्याचा ईमेल जपून ठेवा. फक्त सगळ्यात जुनं, चांगलं चाललेलं कार्ड उत्साहाच्या भरात बंद करू नका, तुमचा लांबचा चांगला इतिहास त्याच्यावर उभा असतो.

दुसरा नमुना जामीनदाराचा. मित्राच्या किंवा मेहुण्याच्या कर्जाला सही केली आणि विसरलात. मालकीच्या रकान्यात 'गॅरंटर' असं ते कर्ज तुमच्या अहवालात दिसतं, आणि त्याने हप्ते थकवले की डाग तुम्हालाही लागतो. पतपेढीचं कर्ज सहसा या अहवालात येत नाही, नागरी सहकारी बँकेचं येतं. कोणाकोणाला जामीन आहात हे आठवत नसेल तर अहवाल आठवण करून देईल.

चूक सापडली तर तक्रार फुकट करता येते, त्या कंपनीच्याच वेबसाइटवर 'डिस्प्यूट' नावाने. हेही एजंटला द्यायचं काम नाही. 'स्कोअर ७५० करून देतो' म्हणणारे हीच तक्रार तुमच्या नावाने टाकतात आणि दहा-पंधरा हजार घेतात. खरी नोंद पुसणं कोणाच्याही हातात नाही, आणि खोटी नोंद तुम्ही स्वतः पुसून घेऊ शकता. एक समजून घ्या, सिबिल किंवा दुसरी कंपनी स्वतःहून आकडा बदलत नाही. ज्या बँकेने नोंद पाठवली तिने होकार दिला तरच बदल होतो. म्हणून तक्रार दोन्हीकडे टाका, बँकेच्या तक्रार कक्षालाही आणि त्या कंपनीलाही, आणि सोबत नाहरकत पत्र किंवा भरणा पावती जोडा. सिबिलच्या मुंबईतल्या सेनापती बापट मार्गावरच्या ऑफिसला चक्कर मारायची गरज नाही, ऑनलाइन तक्रारीचा क्रमांक जास्त उपयोगी पडतो.

एकूण मुदत ३० दिवसांची. बँकेला २१ दिवस, उरलेले कंपनीला. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकानुसार या मुदतीपेक्षा उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी. रक्कम मोठी नाही, पण तक्रारीत या नियमाचा उल्लेख केला की उत्तर लवकर येतं असा माझा अनुभव आहे. ३० दिवसांत दाद लागली नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा. सप्टेंबर २०२२ पासून या चार कंपन्याही लोकपाल योजनेखाली येतात. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

चूक नाही, खरीच थकबाकी आहे, तर ती भरून 'क्लोज्ड' अशी नोंद करून घ्या. 'अर्धे भरा, सेटल करू' असा वसुलीवाल्याचा फोन आला तर गृहकर्जाच्या तोंडावर तो मोह टाळा. जुनं 'सेटल्ड' असेल तर उरलेली रक्कम भरून नोंद बदलून देतील का, हे त्या बँकेला लेखी विचारा. काही देतात, काही नाही. कार्डाचा वापर मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत आणणं हा स्कोअर हलवायचा सगळ्यात झटपट मार्ग. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना किमान दर पंधरवड्याला माहिती पाठवणं बंधनकारक झालं, त्यामुळे आज कार्डाचं बिल कमी केलंत तर साधारण दोन-तीन आठवड्यांत ते अहवालात दिसावं. पूर्वी याला दीड-दोन महिने धरावे लागायचे.

७३६ आणि ७८१ यात फरक किती? कर्ज दोन्हींवर मिळावं, पण बऱ्याच बँका व्याजदर स्कोअरच्या टप्प्यांवर ठरवतात. ५० लाख, २० वर्षं आणि टप्प्यामुळे दरात पाव टक्क्याचा फरक धरा. ८.५० टक्क्यांना हप्ता ४३,३९१ रुपये, ८.७५ ला ४४,१८६. महिन्याला फरक आठशेच्या आत, पण दर तसेच राहिले तर वीस वर्षांत १ लाख ९० हजारांच्या वर जातो. कोणत्या बँकेत कोणता टप्पा कुठे आहे हे सगळीकडे सारखं नसतं, आणि पगार, वय, चालू हप्ते यांचाही हिशेब होतो. म्हणून ७५० च्या खाली आहात की वर यावर झोप उडवून घेऊ नका, तुमच्या बँकेचे टप्पे विचारा. पाच-दहा गुणांनी पुढचा टप्पा हुकत असेल तरच महिनाभर थांबण्यात अर्थ आहे.

तुम्ही लिहिलेलं नाही, पण विचारतो: घर दोघांच्या नावावर घेताय का? महाराष्ट्रात घर फक्त बाईच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, म्हणून तुम्ही बघताय त्या घोडबंदर पट्ट्यात बरेच जण बायकोच्या नावाने घेतात. घराच्या मालकाला बँक सहसा सहकर्जदार करून घेते, तेव्हा त्यांचाही अहवाल आत्ताच काढा. त्यांनी कधी कर्ज किंवा कार्ड घेतलंच नसेल तर स्कोअरच्या जागी 'एनएच' किंवा उणे १ दिसेल. तो वाईट शेरा नाही, इतिहासच नाही एवढंच. पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्याला केवळ इतिहास नाही म्हणून नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना सांगितलंय. कोणी तेवढ्या कारणावर परत पाठवलं तर नकाराचं कारण लेखी मागा. तसंच ज्या अहवालावरून बँकेने निर्णय घेतला त्याची प्रत मागण्याचा हक्क क्रेडिट माहिती कंपन्यांच्या २००५ च्या कायद्यानेच तुम्हाला दिलाय. ती मागितली की 'वरून आलंय' हे उत्तर चालत नाही.

अहवाल आले की त्यातली कुठलीही ओळ समजली नाही तर इथेच विचारा. स्क्रीनशॉट टाकणार असाल तर पॅन, जन्मतारीख, पत्ता, खातेक्रमांक आणि वरचा कंट्रोल नंबर (अहवालाचा क्रमांक) आधी झाका.